बोटीवरचे किस्से आणि घरातले किस्से : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात या सदरात आमच्या मित्रमंडळाच्या बैठकीविषयी ओघाने चार ओळी लिहिल्या होत्या. व्यापारी जहाजांवर तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून घरी परतलेले आम्ही पाच जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रत्नागिरीत एका मित्राच्या पडवीत जमतो. त्यांत एक कॅप्टन आहेत, एक रेडिओ ऑफिसर, एक बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), एक चीफ कुक आणि सारी हयात इंजिन रूममध्ये घालवलेला मी. पोहे होतात, चहा होतो आणि त्यानंतर जे किस्से सुरू होतात, त्यांतील निम्मे सगळ्यांना पाठ असूनही कोणी कोणाला थांबवत नाही. त्या चार ओळींवर इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. विशेष म्हणजे त्यांतील बहुतेक पत्रे बोटीवर जाणाऱ्यांची नसून त्यांच्या मागे घर सांभाळणाऱ्यांची आहेत. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे पती टँकरवर सेकंड इंजिनिअर आहेत. लग्नाला अकरा वर्षे झाली. चार-पाच महिने बोटीवर आणि तीन महिने घरी, असे चालते. घरी आले की बोटीवरच्या मित्रांबरोबर रात्री बारा-बारा वाजेपर्यंत हसणे-खिदळणे होते. आम्ही काही विचारले तर मात्र "नेहमीचेच" एवढे एकच उत्तर मिळते. शिवाय आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीत दुरुस्त्या सुचवणे सुरू होते. आमच्याशी बोलण्यासारखे त्यांच्याकडे काहीच नसते का?
— एक वाचक भगिनी, चिपळूण

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आमच्या बैठकीत वाचून दाखवला, तेव्हा पडवीत बराच वेळ कोणी बोलले नाही. आमच्या मंडळात ही दुर्मिळ घटना आहे.

मित्रांशी बोलणे सोपे जाते याचे पहिले कारण अगदी साधे आहे. 'स्कॅव्हेंज फायर' हे दोन शब्द मी उच्चारले की इंजिन रूममध्ये काम केलेल्या माणसाच्या नाकात धूर जातो. तेच घरी सांगायचे तर मुख्य इंजिनाच्या सिलिंडरांना हवा पुरवणारी पोकळी कोठे असते, तिच्यात तेलकट काजळी का साठते आणि ती पेटली म्हणजे काय होते, हे आधी समजावून द्यावे लागते. आणि ते समजावून होईपर्यंत गोष्टीतली भीती उडून जाते व उरतो तो इंजिनाचा पाठ. दुसरे कारण कबूल करायला थोडे अवघड आहे. मित्रांना सांगतानाही आम्ही भीती सांगत नाही, तिच्या कडेकडेने जातो. हिंदी महासागरात एका रात्री आमच्या इंजिनाला अशी आग लागली होती. इंजिनाचा वेग उतरवून, त्या सिलिंडरचे इंधन तोडून, जवळपास कोणालाही उभे राहू न देता आम्ही ती विझण्याची वाट पाहत होतो. या प्रसंगाचा किस्सा म्हणून गेली वीस वर्षे मी जे सांगत आलो ते एवढेच, की अलार्म ऐकून फोर्थ इंजिनिअर लुंगीवरच खाली धावत आला आणि सगळे निवळल्यावर "सेफ्टी शूज कोठे आहेत?" म्हणून चीफने त्याला झापले. माझ्या पत्नीला ती लुंगी ठाऊक होती. आग ठाऊक नव्हती. ती तिला अलीकडे, पडवीतले कप उचलताना कळली, आणि त्या दिवशी दुसरा चहा झाला नाही.

मात्र हा लपवालपवीचा व्यवहार एकाच बाजूने चालतो असे समजू नये. एका रविवारी आमच्या कॅप्टनांच्या पत्नी बैठकीला आल्या होत्या. कोणीतरी वादळाची गोष्ट काढली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आता माझी ऐका." २६ जुलै २००५ या दिवशी, ज्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, त्या दिवशी त्या कल्याणला तळमजल्यावरच्या घरात दोन मुले आणि सासूबाई यांच्यासह होत्या. पाणी उंबऱ्याशी आले तेव्हा त्यांनी आधी सासूबाईंना वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे पोहोचवले, मग मुलांना, आणि शेवटच्या फेरीत नवऱ्याची सर्टिफिकेटे असलेली सुटकेस डोक्यावर धरून त्या कमरेइतक्या पाण्यातून जिना चढल्या. दोन रात्री परक्या घरात काढल्या. चार दिवसांनी बोटीवरून सॅटेलाइट फोन लागला, तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सगळे ठीक आहे, पाऊस जरा जास्त झाला." कॅप्टन त्या वेळी पश्चिम पॅसिफिकमध्ये एका टायफूनच्या वाटेतून बाजूला होण्याच्या खटपटीत होते, आणि त्यांनी त्याच फोनवर सांगितले होते, "इकडे हवा जरा खराब आहे." दोघांनीही एकमेकांची झोप वाचवली. पण त्यानंतर वीस वर्षे ती सुटकेस घरात फिरत राहिली आणि तिच्या तळाला पडलेला पाण्याचा डाग कशाचा, हे कॅप्टनांनी कधी विचारले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की तुमच्या पतींकडे सांगण्यासारखे काही नाही असे नसून, घरात ते कसे सांगायचे याची सवय दोन्हीकडे लागलेली नाही. "कसे होते?" या प्रश्नाला जगातला कोणताही इंजिनिअर "नेहमीचेच" असेच उत्तर देईल, कारण तो प्रश्न फार मोठा आहे. त्याऐवजी "या वेळी कुक कोठला होता?", "रविवारची बिर्याणी बरी व्हायची का?", "शेवटच्या बंदरात सलग किती तास झोप मिळाली?" असे विचारून पाहा. कुकविषयी बोलू लागलेला खलाशी अर्ध्या तासात थेट त्या रात्रीच्या आगीपर्यंत येतो, हा माझा अनुभव आहे.

दुरुस्त्यांच्या बाबतीत मात्र तुमच्या पतींना दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, आणि ते त्यांना कळतील अशा भाषेत सांगतो. रात्री बारा वाजता ब्रिजवर (जेथून जहाज हाकतात तेथे) वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बदलतो, तेव्हा नवा अधिकारी येतो आणि लगेच ताबा घेतो असे होत नाही. त्याने थोडे आधी यावे, उजेडातून आलेले डोळे अंधाराला सरावू द्यावेत, जहाज कोठे आहे, आसपास कोणती जहाजे आहेत, कॅप्टनने काय लिहून ठेवले आहे, हे सगळे समजून घ्यावे आणि मगच वॉच घ्यावा, असा नियम आहे. समोरचे काही नीट दिसत नसताना "हे वळण चुकले" असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला कोणताही कॅप्टन ब्रिजवर ठेवणार नाही. घरातही पाच महिने दुसऱ्या कोणीतरी वॉच सांभाळलेला असतो. मुलाची शिकवणी का बदलली, दूधवाल्याचे कशावरून फाटले, सासूबाईंच्या कोणत्या गोळ्या बंद झाल्या, हा सारा तपशील समजून न घेता पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नये. मी स्वतः हा नियम मोडला आहे. एकदा घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघरातले सगळे डबे शिस्तीत लावून त्यांवर इंजिन स्टोअरप्रमाणे लेबले चिकटवली. पत्नीने त्यावर एक शब्द काढला नाही आणि लेबलेही काढली नाहीत. जिन्नस मात्र तिने तिच्या जुन्या डब्यांत परत भरले. पुढची दोन वर्षे आमच्याकडे 'साखर' असे लिहिलेल्या डब्यात तूरडाळ होती.

प्रश्न : मी जहाजाच्या इंजिन रूममधला मोटरमन म्हणून निवृत्त होऊन आठ महिने झाले. रात्री वीज गेली आणि पंखा थांबला, की मी दचकून उठतो व अंधारात चपला शोधू लागतो. मंडळी म्हणतात, हा काहीतरी आजार आहे. पंख्याच्या आवाजाने नव्हे, तो बंद झाल्याने जाग येते, हे कोणाला पटत नाही. आपल्या मित्रांपैकी कोणाला असे होते का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : आमच्यातल्या पाचांपैकी तिघांना होते, आणि त्यात मी पहिला. घरच्यांना समजावे म्हणून कारण सविस्तर लिहितो. चालत्या जहाजावर पूर्ण शांतता कधीच नसते. मुख्य इंजिन, जनरेटर, पंप, हवा खेळवणारे ब्लोअर यांचा एकत्रित घोष दिवसरात्र अंगात भिनत असतो आणि काही दिवसांत तो ऐकू येईनासा होतो. तो अचानक थांबला, तर याचा अर्थ एकच असतो, की जहाजाची वीज गेली आहे. इमर्जन्सी जनरेटरने ४५ सेकंदांच्या आत सुरू व्हावे असा नियम आहे. पण तेवढ्या वेळात अरुंद खाडीत किंवा दाट वाहतुकीत सुकाणूची ताकद गेलेले जहाज कोठे जाऊन बसेल, हे सांगता येत नाही. म्हणून इंजिन रूमचा माणूस आवाजाने जागा होत नाही, शांततेने होतो. तीस वर्षे शरीराला हे शिकवले. ते आठ महिन्यांत विसरावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही.

मी यावर उपाय म्हणून इन्व्हर्टर बसवला. आता पंखा थांबत नाही, पण वीज गेल्याबरोबर इन्व्हर्टर 'टूं' करतो आणि मी त्याने उठतो. माझ्या चपला मात्र आता पलंगाखाली ठरलेल्या जागी, टाचा भिंतीकडे करून ठेवलेल्या असतात. त्या पत्नी ठेवते. तुमच्या पत्रात केवळ दचकण्याचा उल्लेख आहे. मात्र जाग आल्यावर पुन्हा झोप लागत नसेल, एखादा जुना अपघात वारंवार स्वप्नात येत असेल किंवा दिवसा विनाकारण संताप होत असेल, तर आमच्यासारख्या गप्पिष्टांचे न ऐकता डॉक्टरांकडे जावे. आमच्या बोसननी हे फार उशिरा केले आणि त्याची खंत ते उघडपणे बोलून दाखवतात.

प्रश्न : माझे आजोबा जुन्या काळी बोटीवर सारंग, म्हणजे बोसन, होते. अँटवर्प, हॅम्बुर्ग, योकोहामा येथील त्यांच्या गोष्टी ऐकून मी मर्चंट नेव्हीत आलो. मी कंटेनर जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. चार वर्षांत मी तीच बंदरे पाहिली, पण ती ब्रिजच्या काचेतून. गावातले मित्र म्हणतात, "तुझी मजा आहे, जग फिरतोस." त्यांना काय सांगावे? माझ्याकडे आजोबांसारखा एकही किस्सा नाही.
— एक वाचक, सध्या मुक्काम श्रीवर्धन

उत्तर : तुमचे आजोबा खोटे सांगत नव्हते आणि तुमचे काही चुकत नाही. त्यांच्या वेळी गोण्या, पेट्या, पिंपे, यंत्रे असा फुटकळ माल असे. तो एकेका खेपेने दोरीच्या जाळीत घालून खळातून, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठारातून, काढावा लागे. पाऊस आला की खळाची झाकणे लावून काम थांबत असे, सुट्टीच्या दिवशी गोदी बंद राही, आणि त्यामुळे जहाज एका बंदरात दोन-दोन आठवडे सहज पडून असे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या एका वाहतूकदाराने जुन्या टँकरवर ५८ अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या, तेव्हा खलाशांच्या गप्पांवर आपण केवढे संकट आणत आहोत याची त्याला कल्पना नसणार. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि हाच बदल आपल्या दारात आला. आता हजारो कंटेनरांची चढउतार एका दिवसाच्या आत होते, आणि तेवढ्या वेळात तुमच्यासारख्या अधिकाऱ्याला माल, तपासण्या, कागद आणि वॉच सांभाळून नियमाप्रमाणे २४ तासांत किमान १० तास विश्रांती घ्यायची असते. त्यातच २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. काही ठिकाणी जहाजाच्या शिडीपासून गेटपर्यंत जायचे तरी परवानगीची गाडी लागते. बंदरे शहरांपासून दूर गेली ती वेगळीच.

परंतु किस्से बंदरात घडतात हा समजही पूर्णपणे खरा नाही. आजोबांच्या गोष्टींतल्या किती गोष्टी शहरातल्या होत्या आणि किती गोष्टी तिथून परतताना बोटीवर एकमेकांना सांगितल्यामुळे रंगल्या होत्या, ते आठवून पाहा. आमच्या काळी वॉच संपल्यावर मेसमध्ये कॅरम असे, कोणाकडे तरी कॅसेट प्लेअर असे, आणि नाइलाजाने का होईना, माणूस माणसाजवळ बसत असे. आता प्रत्येकाच्या केबिनमध्ये त्याचे घर मोबाइलच्या पडद्यावर उघडे असते. मी इंटरनेटच्या विरोधात नाही. ज्यांनी पत्रांचा काळ पाहिला आहे, तो कोणीही असणार नाही. माझी पत्नी पत्रांवर क्रमांक घालत असे, कारण सातवे पत्र सिंगापूरला आधी मिळे आणि मुलाला गोवर झाल्याचे पाचवे पत्र एजंटाच्या कचेरीतून पुढच्या बंदरात फिरत फिरत नंतर येई. सातव्यात "आता तो बरा आहे" असे वाचून काय झाले होते याचा विचार करीत मी अठरा दिवस काढले आहेत. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, जगभरातले सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. त्यांना त्या मोबाइलने किती सावरले, हे त्यांनाच विचारावे. डिसेंबर २०२४ पासून सागरी श्रमविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्तीत जहाजावर शक्य तेथे इंटरनेट देण्याचा समावेश झाला, तो योग्यच झाला.

तरीही आमचे चीफ कुक तुम्हाला एक गोष्ट करून पाहायला सांगतात. रविवारचे दुपारचे जेवण सगळ्यांनी मेसमध्ये, मोबाइल केबिनमध्ये ठेवून घ्यावे. त्यांचा स्वतःचा गाजलेला किस्सा अशाच एका जेवणाचा आहे. बिस्केच्या उपसागरात जहाज इतके डोलत होते, की ताटे सरकू नयेत म्हणून टेबलांवर ओल्या चादरी अंथरल्या होत्या, शेगडीवरच्या भांड्यांना लोखंडी आडण्या लावल्या होत्या, आणि नेमक्या त्याच दिवशी होळी असल्यामुळे ते पुरणपोळी करायला हटून बसले होते. पुरण वाटले, कणीक मळली, पहिली पोळी तव्यावर पडली आणि जहाजाने अशी काही कूस बदलली, की पोळी समोरच्या भिंतीवर जाऊन चिकटली. सेकंड मेट केरळचा होता. त्याने ती भिंतीवरून सोडवून खाल्ली आणि पुढे दर रविवारी "ती भिंतीवरची पोळी" मागू लागला. या गोष्टीत बिस्के आहे, पण एकही बंदर नाही.

गावातल्या मित्रांना काय सांगावे, असे तुम्ही विचारता. त्यांना त्यांच्या घरच्या बातम्या विचाराव्यात. पाच महिन्यांत गावात बरेच काही घडलेले असते, आणि ऐकणाऱ्याला पुढे सांगायलाही लोक बोलावतात.

प्रश्न : माझा मुलगा दहावी झाला आहे. एका ओळखीच्या गृहस्थाने काही लाख रुपये दिल्यास कोर्स न करता थेट परदेशी जहाजावर लावून देतो, असे सांगितले आहे. टुरिस्ट व्हिसावर आधी आखातात जायचे आणि कागद तेथे मिळतील, असे तो म्हणतो. यजमान म्हणतात, शेत गहाण ठेवू. काय करावे?
— एक आई, गुहागर तालुका

उत्तर : शेत गहाण ठेवू नका आणि त्या गृहस्थाला एक रुपयाही देऊ नका. येथे मी गोष्टी सांगत बसणार नाही.

बोटीवर जाण्याचा सरळ मार्ग असा आहे. मुंबईतील नौवहन महासंचालनालयाची, म्हणजे डीजी शिपिंगची, मान्यता असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे लागते. दहावीनंतर खलाशी म्हणून जायचे असेल तर सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा कोर्स असतो. त्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून डोळ्यांची व रंग ओळखण्याची तपासणी करून घ्यावी, म्हणजे फी भरल्यानंतर निराशा पदरी येत नाही. इंडोस क्रमांक (खलाशाचा नोंदणी क्रमांक) आणि सीडीसी (खलाशाची अधिकृत ओळखपुस्तिका) हे कागद भारतातच मिळतात, आखातात नव्हे. नोकरी देणाऱ्या एजन्सीकडे आरपीएसएल हा परवाना असावा लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमबाह्य आहे. पैसे मागितले, एवढ्यावरूनच माणूस ओळखावा.

अशा मार्गाने गेलेल्या मुलांचे काय होते, हे आमच्या रेडिओ ऑफिसरांनी जवळून पाहिले आहे. जहाज जुने, मालक नाहीसा, पगार बंद, पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती, आणि पिण्याचे पाणीसुद्धा मोजून. दोन महिने पगार थकवणे हे आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशांना वाऱ्यावर सोडल्याचे एक लक्षण मानले जाते, आणि रीतसर विमा असलेल्या जहाजावर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरी परतण्याचा खर्च त्यातून मिळतो. पण ज्याच्या नावाचा करारच कोठे नोंदलेला नाही, त्याची दाद लावणे फार कठीण जाते. मुलाला खरोखर समुद्रावर जायचे असेल तर एक वर्ष उशीर झाला तरी चालेल. त्याला पहिल्या रविवारी आमच्याकडे पाठवा. येताना मार्कशीट आणि, लाभल्यास, थोडे कोकम आगळ घेऊन यावे.

प्रश्न : आपल्या लेखात बोसन दोरी ओढताना 'हबेस' आणि सोडताना 'आरिया' म्हणाले, असे होते. हे शब्द मी लहानपणी गोदीत काम करणाऱ्या काकांकडून ऐकले होते. ते मराठी आहेत का?
— एक निवृत्त शिक्षक, मालवण

उत्तर : गुरुजी, ते कोणा एकाचे नाहीत, म्हणूनच ते टिकले. 'हबेस' म्हणजे वर घे आणि 'आरिया' म्हणजे खाली सोड. क्रेनवाल्याला हाताने खूण करताना हे शब्द आजही ऐकू येतात. 'आरिया'चे मूळ खाली सोडणे या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दात आहे. 'सारंग' फारसीतून आला, आणि आपण ज्याला अगदी घरचा शब्द समजतो ते 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'चे वंशज आहे. पोर्तुगीज, अरब, गुजराती, कोकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती, चितगावचे बंगाली अशी माणसे एका डेकवर आली, आणि ज्याचा शब्द वाऱ्यात स्पष्ट ऐकू गेला तो राहिला. इंग्रज कंपन्या या खलाशांना 'लास्कर' म्हणत. कोकणपट्टीतले हजारो जण त्यांच्या आगबोटींच्या डेकवर होते, तर गोव्याचे लोक मुख्यतः खानपानाच्या कामावर असत. मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या खलाशांच्या जुन्या वसतिगृहात एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांसाठी ते उभारलेले आहे. आमचे बोसन प्रथम जहाजावर जाण्याच्या आदल्या रात्री त्याच आवारात राहिले होते, आणि डासांमुळे झोप न लागल्याने त्यांनी ती नावे वाचत फेऱ्या मारल्या, असे ते सांगतात. त्यांत आपल्या गावच्या माणसाचे नाव शोधत होतो, असे ते सांगतात. सापडले का, ते दर वेळी वेगळे सांगतात.

प्रश्न : बारावीनंतर मला डेक कॅडेट व्हायचे आहे. बाबांचे बोटीवरचे मित्र घरी आले की म्हणतात, "मुलींचे ते काम नाही." त्यांना काय उत्तर द्यावे?
— एक विद्यार्थिनी, अलिबाग

उत्तर : जून २०१५ मध्ये बंगालच्या उपसागरात पंचवीस फुटांहून उंच लाटा असताना बुडत्या मासेमारी बोटीतून सात जणांना वाचवणाऱ्या जहाजाच्या कॅप्टन राधिका मेनन होत्या, आणि त्याबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. एवढे सांगून त्या काकांना चहा द्यावा, आणि गणित व भौतिकशास्त्राकडे लक्ष द्यावे.

प्रश्न : मी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. बोटीवरून व्हिडिओ कॉल केला की ती पडद्याला पापे देते, "बाबा, बाबा" करते. पण सहा महिन्यांनी प्रत्यक्ष घरी आलो, तर मला पाहून रडते आणि आजीच्या मागे लपते. मोबाइल दिसला की त्यात बाबांना शोधते. मनाला फार लागले आहे.
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : लागणारच. परंतु तुमच्या मुलीचे तर्कशास्त्र अचूक आहे. तिचे बाबा वीतभर उंचीचे आहेत, ते रात्री जेवणाच्या वेळी येतात आणि आजीच्या हातात राहतात. दारातून बॅग घेऊन आलेला, दाढीचा वास येणारा हा उंच गृहस्थ कोण, हे तिला कोणी सांगितलेले नाही. आमच्या रेडिओ ऑफिसरांच्या वेळी फोटो होता. त्यांच्या आईने नातवाला रोज सकाळी देवाला आणि शेजारच्या बाबांच्या फोटोला नमस्कार करायची सवय लावली होती; दहा महिन्यांनी ते दारात उभे राहिले, तेव्हा मुलाने दोन पावले मागे सरून त्यांना हात जोडले आणि तो पळून गेला. ते ही गोष्ट सांगतात तेव्हा सगळे हसतात, आणि ते चष्मा पुसतात.

तिला पहिले तीन दिवस उचलून घेऊ नका आणि "बाबाला ओळखले नाहीस?" असे तर मुळीच विचारू नका. तिच्या उंचीवर, म्हणजे जमिनीवर बसा, आणि तिच्याकडे न पाहता काहीतरी करीत राहा. लसूण सोला, शेंगा फोडा, बिघडलेले एखादे खेळणे उघडून त्याच्या वायरी जोडा, तुमचे तर ते कामच आहे. ती लांबून पाहील, मग जवळ येऊन स्क्रू मोजेल. तीन-चार दिवसांनी कधीतरी ती मोबाइल घेऊन तुमच्याकडे येईल आणि बाबांना फोन लावून दे म्हणेल. लावून द्या. तो तिच्या हातात ठेवून दुसऱ्या खोलीत जा, आपल्या मोबाइलवरून उचला, आणि तिच्याशी बोलत बोलत बाहेर या.